चाकरमान्याचा राब

आमच्या हॉटेलचे मालक हारून यांनी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या स्टाफला लॉबीत उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला, “खेती किसको आती है?”

आम्ही बावीस जण होतो. हात एकच वर झाला. तो इतक्या तातडीनं आणि इतका उंच गेला, की मला वाटलं माणूस झुंबर पुसतोय. हात रमणचा होता.

रमण आमचा एसी मेकॅनिक. गाव संगमेश्वर तालुक्यातलं, राहायला मस्कतमधल्या हमरियात, माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या खालच्या मजल्यावर. अकरा वर्षांत मी त्याच्या हातात पाना पाहिला, गॅसचा सिलिंडर पाहिला, गणपतीत झांजा पाहिल्या. कुदळ कधी पाहिली नव्हती. पण मी स्टोअरकीपर आहे. जो माल आपल्या नजरेस पडला नाही तो नाहीच, असं लिहायची माझी पद्धत नाही.

“कितनी खेती किया?” हारूननी विचारलं.

“खानदानी, अर्बाब,” मालकाला इथे म्हणतात तसं रमण म्हणाला. “बाप, दादा, परदादा, सब लोग.”

यात खोटं काही नव्हतं. त्या सगळ्यांनी केली होती.

समुद्रात युद्ध सुरू होऊन तेव्हा चौथा महिना लागला होता. मस्कतमध्ये काही पडलं-बिडलं नव्हतं. माणसं कामाला जात होती, शाळा भरत होत्या, फक्त मोबाइलमधला नकाशा अधूनमधून वेडा व्हायचा आणि हमरियात उभी असलेली टॅक्सी भर समुद्रात दाखवायचा. मत्रहच्या बंदराबाहेर जहाजं थांबून असायची. पर्यटक आटले, तसे आमच्या हॉटेलचे वरचे दोन मजले बंद झाले. खालचे दोन भरले ते त्या जहाजांवरच्या खलाशांनी, कारण त्यांना घरी न्यायला विमान नव्हतं आणि पुढे जायला जहाज नव्हतं. कामधंदा नसलेला खलाशी दोन गोष्टी मन लावून करतो: एसी सोळावर ठेवून झोपतो आणि उठून जेवतो. भारतातून येणारा भाजीचा कंटेनर मात्र पंधरा दिवसांतून एकदा, तोही निम्मा सडून येत होता. आमच्या किचनमधून एक दिवस डाळ-बटाटा जायचा, दुसऱ्या दिवशी बटाटा-डाळ. एका फिलिपिनो खलाशानं तर ताटातल्या बटाट्याला गुड मॉर्निंग केलं होतं.

हारूननी अट सरळ सांगितली. तासाभरावरच्या बरका गावात त्यांच्या वडिलांची जमीन होती, पडून होती. रमणला चाळीस दिवस. चाळिसाव्या दिवसापर्यंत किचनला रोज काहीतरी हिरवं मिळू लागलं, तर एसीचं खातं मार्चपर्यंत आहे तसं राहील. नाहीतर दोन मेकॅनिकपैकी एक घरी जाणार आणि तो रमण असणार, कारण दुसऱ्याचा पगार कमी होता.

“इन्शाल्ला,” रमण म्हणाला.

संध्याकाळी मी त्याच्याकडे चहाला गेलो. कलावतीवहिनी पोहे देता देता उलटतपासणी घेत होत्या.

“नांगर कधी धरला होतात?”

“आता नांगर कोण धरतं? ट्रॅक्टर असेल तिकडे.”

“बरं, ट्रॅक्टर कधी धरला होतात?”

“कॉस्मासभाऊ, हिला सांगा हो जरा.”

मी पोहे खाल्ले. त्यांची पूर्वा पलीकडे पुस्तकात डोकं घालून बसली होती. ती दहावीला. बोर्डाचा फॉर्म इथल्या शाळेतून भरून झालेला, परीक्षा फेब्रुवारीत. रमणचा व्हिसा संपला की तिघांनाही निघावं लागणार, आणि ऑक्टोबर उलटून गेल्यावर आलेल्या दहावीच्या मुलीला गावाकडची कुठली शाळा दारात उभी करणार? तिचं वर्ष जाणार होतं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी हात एवढा उंच का गेला, ते मला तेव्हा नीट कळलं.

“मला येतं सगळं,” रमण म्हणाला. “मी दर वर्षी बाबांबरोबर शेतात असायचो.”

“दर वर्षी नाही,” वहिनी म्हणाल्या. “दर मे महिन्यात.”

सगळी मेख तिथेच होती. रमण शिकायला परळला मामाकडे होता. गावी जायचा तो मे महिन्याच्या सुटीत आणि शाळा उघडायच्या आधी परतायचा. कोकणात मे महिन्यात शेताचं एकच मोठं काम निघतं, ते म्हणजे राब भाजणं. भाताच्या रोपांचा तरवा जिथे पेरायचा, त्या तुकड्यावर शेण, वाळक्या पानांचा पातेरा, झाडांच्या फांद्या असं थरावर थर रचतात, वरून माती पसरतात आणि वाऱ्याच्या तोंडाशी पेटवून देतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, राख खत म्हणून मुरते. पोरांना हे काम भारी आवडतं, कारण मोठ्यांच्या परवानगीनं आग लावायला मिळते. पुढे पेरणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी ही सगळी कामं रमण मामाकडे भूगोल पाठ करत असताना व्हायची. म्हणजे शेतीच्या पुस्तकाचं पहिलं पान त्याला तोंडपाठ होतं.

आता माझंही सांगून टाकतो. आमची वसईला वाडी आहे. केळी, पानवेल, मोगरा आणि मधल्या पट्ट्यात पालेभाजी. माझी बारावी होईपर्यंत मी रोज उजाडायच्या आत जुड्या बांधल्यात. रविवारी मिसाला उभा राहिलो तरी नखं हिरवीच असायची. त्या नखांना कंटाळून तर मी मस्कतला आलो. लॉबीत प्रश्न आला तेव्हा माझे दोन्ही हात खिशात होते. स्टोअरच्या खात्यातून कोणी कमी होणार नव्हतं, हेही मी तेवढ्यात पाहून घेतलं होतं.

पहिला आठवडा रमण बरकाला हॉटेलची पिकअप घेऊन जात होता आणि येत होता, चेहरा अगदी जमीनदाराचा. शुक्रवारी सकाळी मी वाण्याकडे उभा होतो, तर सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजायला लागले. एक व्हिडिओ फिरत होता. नारळीएवढा उंच काळा धूर, मधून फटाफट आवाज, आणि खाली लिहिलेलं: बरकात ड्रोन पडला. दुसऱ्या ग्रुपवर तोच धूर मिसाइलचा झाला होता. वाण्यानं शटर अर्धं खाली ओढलं. मी धावत रमणच्या घरी गेलो. वहिनींच्या हातात मोबाइल होता, व्हिडिओ थांबवलेला.

“वहिनी, रमण तिकडेच आहे ना? फोन लागतोय का?”

“लागायला कशाला पाहिजे? दिसतायत की.” त्यांनी धुराच्या कडेला बोट ठेवलं. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून एक माणूस हातातल्या काठीनं जाळ सारखा करत होता. “ड्रोन नाही. आमचे हे आहेत.”

पूर्वानं वाकून पाहिलं. “ओ गॉड. बाबा लिटरली फार्म जाळतायत?”

झालं होतं ते असं. रमणनं पाच दिवस खपून खजुराच्या वाळक्या झावळ्या, लिंबाच्या फांद्या आणि शेळ्यांच्या लेंड्या गोळा केल्या, गावच्यासारखा राब रचला आणि वाऱ्याचं तोंड बघून पेटवला. खजुराची झावळी पेटली की बंदुकीसारखी फुटते, हे संगमेश्वरच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाही. वीस मिनिटांत दोन बंब आणि पोलिसांची एक जीप आली.

“क्या जला रहा है?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“जमीन, साब.”

“जमीन? क्यों?”

“टमाटर के लिए.”

अधिकारी बंबवाल्याला अरबीत काहीतरी म्हणाला आणि बंबवाला तोंड फिरवून हसला, एवढं रमणला दिसलं. हारूनना शुक्रवारी तिथे यावं लागलं, परत आग लावणार नाही म्हणून कागदावर सही द्यावी लागली. रमणला ते काहीच बोलले नाहीत. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, “चौंतीस दिन.”

राख मात्र छान पडली होती. रमणनं त्यात टोमॅटो, वांगी, मिरची आणि कोथिंबीर पेरली आणि विहिरीचा पंप चालू केला. पेरल्यापासून सहाव्या दिवशी कोंब आले. त्यानं फोटो काढून मला, पूर्वाला, गावच्या ग्रुपला आणि हारूनना पाठवले. गावच्या ग्रुपवर ‘परदेशात कोकणचा डंका’ असं कोणीतरी लिहिलं. दहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. बाराव्या दिवशी रमणनं फोटो पाठवणं बंद केलं.

पूर्वानं कारण जेवताना सांगितलं. “बाबा, ॲश अल्कलाइन असते. तिथली सॉइल ऑलरेडी अल्कलाइन आहे. तुम्ही अजून ॲड केलं. टेन्थच्या केमिस्ट्रीत आहे हे.”

“मग आधी नाही सांगायचं?”

“तुम्ही विचारलं कुठे?”

मुदतीच्या एकोणिसाव्या दिवशी दुपारी मी स्टोअरमध्ये साबणाच्या पेट्या मोजत होतो, तर दारात कलावतीवहिनी. त्या हॉटेलात कधी येत नसत.

“कॉस्मासभाऊ, तुमची वसईला वाडी आहे म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“फेलिशियावहिनी. काल गच्चीवर कपडे वाळत घालताना. म्हणाल्या, आमच्या यांना बोटांनी चाचपून भाजी किती दिवसांची ते सांगता येतं.”

फेलिशिया माझी बायको. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण कुठली गोष्ट गच्चीवर न्यायची नाही हे तिला अजून सांगावं लागतं.

“आहे,” मी म्हणालो. “छोटीशी आहे.”

“आणि तुम्ही आमच्याकडे पोहे खात बसलात.”

मी मोजलेली साबणाची पेटी परत मोजली. वहिनी रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. “यांना कळू देऊ नका मी आले होते,” एवढं म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मी पिकअपमध्ये रमणच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, सुटी आहे, जरा हवा खाऊन येतो. बरकाच्या शेतावर हारूनची आई सफिया राहते. सत्तरी ओलांडलेली बाई, शेळ्या स्वतः बांधते. टीव्हीवरच्या मालिका पाहून हिंदी फर्डं बोलते. ती लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती.

वाफ्याच्या कडेला पांढरा पापुद्रा धरला होता. मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकलो. मग पंपाच्या तोंडाशी जाऊन पाणी चाखलं आणि परत थुंकलो.

सफियानं टाळी वाजवली. “ये पहला आदमी आया जिसको जबान है! इसको मैं पहले दिन बोली, बेटा, पानी खारा है. ये बोला, अम्मा, टेन्शन मत लो.”

“मला वाटलं म्हातारी उगाच बोलतेय,” रमण मराठीत पुटपुटला. “विहिरीचं पाणी खारं कसं असेल? खारं पाणी खाडीचं.”

“समुद्र किती लांब आहे इथून?”

“दोन किलोमीटर.”

“मग? वरचं गोडं पाणी पंपानं उपसून संपवलं की खालून समुद्र येतो. आमच्या वसईत निम्म्या विहिरी अशाच गेल्या.”

सफियाचा नवरा होता तेव्हा बैलानं मोटेचं पाणी काढत, ते गोड होतं. तिनं तिची झाडं दाखवली. लिंबाची साठ होती, एकोणीस उरलेली, त्यांचीही पानं कडेनं तपकिरी. तिला प्यायला पाणी टँकरचं येतं. त्यातलं उरलेलं ती रोज एका झाडाला घालते, पाळीपाळीनं. विसाव्या दिवशी पहिल्या झाडाची पाळी परत येते.

परतीच्या वाटेवर रमणनं विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. “टोमॅटो-वांग्याचं नाव काढू नका. एवढ्या दिवसांत ते सोन्याच्या पाण्यावर पण येणार नाहीत. वाळूतली मेथी लावू.”

“ती बोटभर उंचीची? जुडीत बांधलेली? परळला मिळायची.”

“तीच. आमच्याकडे किनाऱ्याच्या वाळूत लावतात. खत नको, काही नको, किचनमधले मेथीचे दाणे चालतात. दहा-बारा दिवसांत उपटायला येते. रोज थोडी पेरायची, म्हणजे रोज थोडी निघते. ओढ्याची वाळू धुऊन घेऊ, हॉटेलच्या गच्चीवर ट्रेमध्ये लावू. अडचण एकच, गोडं पाणी. टँकर मागितला तर अर्बाब आपल्यालाच त्यात बसवून पाठवतील.”

“किती लागेल?”

“वाळू धुवायला धरून दिवसाला दोनशे लिटर तरी.”

रमणनं पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली. मला वाटलं चाक बसलं.

“कॉस्मासभाऊ, या दमट हवेत माझा एक एसी दिवसाला पंधरा लिटर पाणी टाकतो. खलाशी सोळाच्या वर जाऊ देत नाहीत. असे छत्तीस चालू आहेत.”

“पाचशे चाळीस,” मी म्हणालो.

“आणि नळाच्या पाण्यापेक्षा गोडं. मीठ नाहीच त्यात.”

“मग ते जातं कुठे?”

“गटारात. कुठे जाणार?”

त्या थेंबांखालून मी अकरा वर्षं डोक्यावर फाइल धरून जातो आणि रमणच्या नावानं बोटं मोडतो. सांगायचं म्हणजे, भाजीवाला मी होतो आणि पाणीवाला तो, आणि दोघंही एकाच हजेरीपटावर सही करत होतो.

दुसऱ्या दिवशी रमण मला प्रथमच कामात दिसला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कामात. छत्तीस एसींच्या नळ्या त्यानं दीड दिवसात एकात एक जोडून पंपानं गच्चीवरच्या ड्रममध्ये नेल्या. मला बंद रेस्टॉरंटमधले साठ बुफे ट्रे आणि मेथीदाण्यांचं पोतं स्टोअरमधून काढायचं होतं. स्लिपशिवाय मी झाडूसुद्धा देत नाही, हे सगळ्या हॉटेलला माहीत आहे. स्लिपवर ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं, यावर मी बराच वेळ बसलो. मग ‘किचन’ लिहिलं. तिथूनच आलं होतं, तिथेच जाणार होतं.

पेरायला कलावतीवहिनी, फेलिशिया आणि मी. रोज सहा ट्रे. रमणला मी फक्त शिंपायला ठेवलं, तरी तो दर दोन तासांनी येऊन वाळू उकरून बघायचा.

“उकरू नका हो. अंडी आहेत का ती?”

“मुळं धरलीयत का बघतो.”

“तुम्ही बघितल्यामुळेच सोडतायत.”

तेहतिसाव्या दिवशी पहिले सहा ट्रे निघाले. वहिनींनी जुड्या बांधल्या, आचाऱ्यानं डाळीत घातली. फिलिपिनो खलाशानं चमच्यात हिरवं पाहिलं, उचलून शेजाऱ्याला दाखवलं आणि खाल्लं. मग चेहरा कडू केला आणि परत वाढून घेतलं. माझ्या नखांकडे मी त्या दिवशी पाहिलं नाही.

चाळिसाव्या दिवशी सकाळी हारून गच्चीवर आले. रमण इस्त्रीच्या शर्टात उभा. वहिनी त्या दिवशी वर यायला नको म्हणाल्या होत्या, पण जिन्याच्या दाराआड त्यांची चप्पल मला दिसत होती. हारूननी एक काडी उपटली, वास घेतला, चावली.

“हुल्बा,” ते म्हणाले. मेथीला अरबीत हुल्बा म्हणतात. “बस? यही है?”

“रोज निकलता है, अर्बाब. आठ दिन से किचन में जाता है.”

“टमाटर?”

रमणनं एका ट्रेमधली वाळू सारखी केली. हारून ट्रेंच्या रांगेतून चालत शेवटपर्यंत गेले. चेहऱ्यावर काही नव्हतं. साठ ट्रे मेथी म्हणजे शेती नव्हे, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही. मग ते ड्रमपाशी थांबले. नळीतून धार पडत होती.

“ये पानी किसका? टँकर बुलाया?”

“नहीं अर्बाब, एसी का है.” आणि मग रमणला कंठ फुटला. कुठल्या खोलीतून किती लिटर येतं, दमट दिवशी किती वाढतं, दोनशे एकाहत्तर नंबरचा खलाशी कसा चोवीस तास एसी बंदच करत नाही, हे त्यानं न विचारता सांगितलं. हारूननी ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं.

“रोज का पाँच सौ?”

“पाँच सौ चालीस. मेथी को दो सौ. बाकी गटर.”

हारून कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली मत्रहचं बंदर, त्यापलीकडे थांबलेली जहाजं.

“बाकी गटर में नहीं,” ते वळून म्हणाले. “रोज टाकी भर के बरका जाएगा. मेरी माँ के नींबू के लिए. तू ले के जाएगा. मार्च तक.” मग स्वतःलाच खोडून, “गर्मी तक.”

“आणि शेती, अर्बाब?” रमण चुकून मराठीतच बोलला, मग सावरून, “मतलब, मैं किसान का काम भी—”

“तू किसान नहीं है. मेरी माँ पहले दिन फोन कर के बोली थी.”

“फिर चालीस दिन क्यों दिया?”

“आग के बाद वो ही बोली, बोल दिया है तो पूरा होने दे. आदमी दिल का अच्छा है, सिर्फ आग से दूर रखना.”

जिन्याच्या दाराआडची चप्पल निघून गेली. रमण खाली आला तेव्हा वहिनी लॉबीच्या सोफ्यावर बसून डोळे पुसत होत्या आणि रमण मात्र फुगलेला.

“शेतकरी म्हणून नाही ठेवलं मला,” तो म्हणाला. “भिस्ती म्हणून ठेवलं.”

“ठेवलं ना?” वहिनी म्हणाल्या. “पूर्वाला फोन करा. शाळेत मधली सुटी झाली असेल. आणि गावच्या ग्रुपवर काही लिहू नका.”

त्यानं फोन केला. पलीकडून पूर्वा एवढ्या मोठ्यानं ओरडली, की रिसेप्शनवरच्या मुलीनं मान वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपवर टाकी चढली. रमण स्टीअरिंगवर बसला होता, पण गाडी हलत नव्हती. मी स्टोअरच्या दारातून पाहत होतो. शेवटी त्यानं काच खाली केली आणि रस्त्याकडे बघतच विचारलं, “कॉस्मासभाऊ, लिंबाला पाणी बुंध्याशी घालायचं, की लांबून?”

“लांबून. फांद्यांची टोकं जिथवर येतात, तिथे गोल आळं करा. बुंधा भिजवू नका.”

“मला माहीत होतं,” रमण म्हणाला आणि गाडी बरकाच्या दिशेला काढली.